झिगुई: पाण्याने वर ढकललेली संत्री

यांगत्सेच्या तीन प्रसिद्ध घळींपैकी सर्वांत खालची शीलिंग. तिच्या पोटातच सानदौपिंग इथे थ्री गॉर्जेस धरणाची 2,309 मीटर लांबीची भिंत उभी आहे. भिंतीच्या वरच्या अंगाला, अगदी लागून, माओपिंग गाव आहे. हुबेई प्रांतातल्या झिगुई तालुक्याचं हे मुख्य ठिकाण. चिनी भाषेत या प्रशासकीय घटकाला ‘श्येन’ म्हणतात. 2,427 चौरस किलोमीटर क्षेत्र आणि चार लाखांहून कमी वस्ती, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या तालुक्यासारखंच हे प्रकरण आहे. यांगत्से या तालुक्यातून 64 किलोमीटर वाहते आणि त्याचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे करते. जमिनीचा हिशेब स्थानिक लोक एका ओळीत सांगतात: आठ वाटे डोंगर, अर्धा वाटा पाणी, दीड वाटा शेत.

त्या दीड वाट्यातला सर्वांत सकस भाग नदीकाठी होता, आणि तोच धरणात गेला. तरीही आज झिगुईची ओळख संत्र्यांमुळेच आहे. सुमारे 4 लाख मू, म्हणजे 27 हजार हेक्टरांच्या आसपास बागा (15 मू म्हणजे 1 हेक्टर), आणि वर्षाच्या जवळजवळ प्रत्येक महिन्यात कुठल्या ना कुठल्या वाणाची तोडणी. बुडालेल्या तालुक्याला हे कसं जमलं आणि त्यासाठी काय मोजावं लागतंय, ते इथे पाहू.

पाणी कसं चढलं

धरणाचं काम डिसेंबर 1994 मध्ये अधिकृतपणे सुरू झालं आणि नोव्हेंबर 1997 मध्ये मुख्य प्रवाह अडवला गेला. तालुक्याचं जुनं ठाणं ग्वेईचौ. (याच नावाच्या प्रांताशी त्याचा संबंध नाही.) दगडी तटबंदीच्या या गावाचा आकार भोपळ्यासारखा, म्हणून ‘भोपळानगर’ हेही त्याचं नाव. 1998 मध्ये ठाणं माओपिंगला हललं, जुनं गाव पाडलं गेलं आणि पाण्याखाली गेलं. जलाशय जून 2003 मध्ये 135 मीटर, 2006 च्या शरदात 156 मीटर आणि 26 ऑक्टोबर 2010 रोजी 175 मीटर या पूर्ण पातळीला पोचला. हे आकडे समुद्रसपाटीपासूनचे आहेत. झिगुईत नदी आधीपेक्षा सुमारे शंभर मीटर वर आली.

संपूर्ण प्रकल्पात 13 लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली. झिगुईतल्या विस्थापितांचे मोटामोटी दोन गट पडले. काही दूरच्या सपाट मुलखात गेले. बाकीचे आपल्याच डोंगरावर वर सरकले. याला तिथे ‘मागे टेकणं’ म्हणतात, म्हणजे पाणी पुढे आलं म्हणून पाठ डोंगराला लावायची. संत्र्यांची पुढची सगळी कथा या दुसऱ्या गटाची आहे. नदीकाठची खोल गाळाची माती सोडून त्यांना 25-30 अंशांच्या उतारावर, दगडी ताली घालून, मुरमाड जमिनीत झाडं लावावी लागली. मोठ्या जलाशयांच्या विस्थापितांना 2006 पासून माणशी वर्षाला 600 युआन, 20 वर्षं, अशी देशव्यापी मदत सुरू झाली. त्यावर संसार चालत नाही. संसार बागेवरच उभा राहिला.

जलाशयाचं वेळापत्रक नदीच्या मूळ स्वभावाच्या नेमकं उलटं आहे. पूर्वी उन्हाळ्यात पूर आणि हिवाळ्यात पाणी तळाला. आता पूर सामावून घेण्यासाठी जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत पातळी 145 मीटरपर्यंत उतरवतात. सप्टेंबरपासून ती चढवत ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात 175 वर नेतात. मधला 30 मीटरांचा पट्टा अर्धं वर्ष बुडालेला, अर्धं वर्ष उघडा असतो. तिथे झाडं तगत नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत लोक उन्हाळ्यात त्या उघड्या गाळात मका पेरत. पण त्यातली खतं-औषधं सरळ जलाशयात उतरतात, म्हणून आता तिथे शेती करू देत नाहीत. या पट्ट्यात जोमाने टिकणारं गवत म्हणजे हरळी, आपली दूर्वा. महिनोन्‌महिने पाण्याखाली राहूनही तिची मुळं माती धरून ठेवतात आणि पाणी उतरलं की ती पुन्हा फुटते.

उंचीप्रमाणे वाण

झिगुईचं फळ म्हणजे नेव्हल जातीचं संत्रं. तळाला बेंबीसारखी खूण असते आणि आत बी नसतं. नागपुरी संत्र्याची साल सैल, याची घट्ट. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ते मोसंबीच्या जातकुळीतलं आहे. आपल्याकडे बहार धरायला झाडाला पाण्याचा ताण देतात. झिगुई साधारण 31 अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्याची थंडीच ते काम करते आणि फूल एप्रिलमध्ये येतं.

या अक्षांशावर संत्रं मुळात टिकतं ते घळीमुळे. उत्तरेकडच्या छिनलिंग आणि दाबा या डोंगररांगा सैबेरियातून येणारं गार वारं अडवतात. त्यात आता जलाशयाची भर पडली. हिवाळ्यात, म्हणजे गरज असते तेव्हाच, तो काठोकाठ भरलेला असतो. एवढं पाणी दिवसा ऊब साठवतं आणि रात्री सोडतं, त्यामुळे काठालगतच्या पट्ट्यात कडाक्याची रात्र थोडी सौम्य होते. ज्या पाण्याने बाग बुडवली त्यानेच वरच्या बागेला उशिराचं फळ झाडावर राखण्याची सोय करून दिली.

म्हणून लागवड उंची पाहून होते. पाण्याच्या रेषेपासून साधारण 350 मीटरपर्यंत उशिराचे वाण, मुख्यतः लेन लेट. चिनी बागाईतदार त्याला ‘लुनवान’ म्हणतात. मूळचा तो ऑस्ट्रेलियात सापडलेला फांदीबदल आहे, म्हणजे एका फांदीत आपोआप झालेल्या बदलातून आलेला वाण. त्याच पट्ट्यात उन्हाळ्यात उतरणारं व्हॅलेन्सियाही असतं. त्याच्या वर, साधारण 600 मीटरपर्यंत, न्यूहॉल आणि इतर मधल्या हंगामाचे वाण, जे थंडी कडक होण्याआधी नोव्हेंबर-डिसेंबरात उतरवता येतात. ‘नवव्या महिन्याचं लाल’ नावाचा लवकरचा वाण ऑक्टोबरात येतो (महिना चिनी चांद्र पंचांगाचा). ‘पीचपान’ नावाचं छोटं, अत्यंत गोड संत्रं ही तर झिगुईचीच निवड. 600 मीटरच्या वर संत्रं सोडून चहा, त्याहून वर मका, बटाटा आणि भाजीपाला.

या शिडीची एक पायरी चुकली की नुकसान ठरलेलं. लुनवानला बाजारात चांगला भाव मिळतो हे पाहून तो 400-450 मीटरवर चढवण्याचा मोह होतो. हा वाण एप्रिलमध्ये फुलतो आणि पुढच्या वर्षी मार्च ते मे-जूनमध्ये उतरतो. फळ सगळा हिवाळा झाडावर काढतं. रात्रीचं तापमान उणे 2-3 अंशांखाली काही तास राहिलं की फळातल्या रसाच्या पिशव्या फुटतात. बाहेरून काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी फोड कापली तर आत कोरडी, चोथ्यासारखी. म्हणून वसंतात आलेला व्यापारी वेगवेगळ्या उंचीवरच्या झाडांची फळं कापून बघतो आणि मगच सौदा करतो. जानेवारी 2008 ची लांबलेली थंडी आणि जानेवारी 2016 ची लाट यांनी दक्षिण चीनच्या संत्रापट्ट्यांना हाच धडा दिला.

थंडीखेरीज लुनवानची आणखी तीन दुखणी आहेत.

पहिलं, हिवाळी फळगळ. देठाचा सांधा थंडीने सैल होतो. त्यावर शरदात संजीवकाची (झाडाच्या वाढीवर परिणाम करणाऱ्या द्रव्याची) हलकी फवारणी करतात. मात्रा वाढली की फळाची साल जाड होते आणि कोवळी पालवी आकसते. फळांना पिशव्या चढवणं किंवा झाडावर प्लास्टिकचं आवरण टाकणं हे महाग पण भरवशाचं. आवरण पानांना टेकू द्यायचं नाही, कारण टेकलेल्या जागी दव गोठतं आणि तिथलीच फळं आधी जातात.

दुसरं, झाडावर एकाच वेळी दोन पिढ्या. एप्रिलमध्ये जुनं पिकलेलं फळ आणि नवं फूल शेजारी-शेजारी दिसतं. छायाचित्रात ते देखणं असतं, पण झाडाला ते पेलणं अवघड. तोडणी मेअखेरपर्यंत लांबवली की पुढच्या वर्षी झाड रुसतं. अनुभवी माणूस अशक्त झाडं आधी रिकामी करतो आणि फळं फक्त सशक्त झाडांवर थांबवतो. तोडणी झाली की लगेच खत, तेही पावसाआधी.

तिसरं, परत हिरवं होणं. वसंतात ऊन वाढलं की पिकलेल्या फळाच्या देठाकडची साल पुन्हा हिरवट होते. चवीत फरक नसतो, भावात मात्र पडतो.

कलम बदलताना

वाण बदलायचा म्हणून कोणी बाग उपटत नाही. आहे त्याच झाडाच्या फांद्या कापून त्यांवर नव्या वाणाचे डोळे (काडीवरचे कोंब) भरतात. नीट केलं तर दोन-तीन वर्षांत बाग पुन्हा फळाला येते. इथे घाई नडते. सगळ्या फांद्या एकदम कापल्या तर मुळांना अन्न पुरवणारी पानं उरत नाहीत, मुळं उपाशी मरतात आणि नवं कलम फुटून वाळतं. म्हणून काही पानाळ फांद्या ‘पाणी ओढायला’ राखायच्या आणि नवी फूट सावली धरेल तेव्हाच त्या काढायच्या. उघड्या पडलेल्या खोडाला चुन्याचा हात द्यायचा, नाहीतर जुलैच्या उन्हात साल भाजते.

मोठा धोका डोळ्यांतून येतो. या भागात ट्रायफोलिएट या तीन पानी काटेरी झुडपाचा खुंट (कलमाखालचा मुळांचा भाग) सर्रास वापरतात. थंडीला तो पक्का, पण काही विषाणूंना हळवा. शेजाऱ्याच्या झाडावरून घेतलेल्या काडीत ‘फाटकं पान’ रोगाचा विषाणू असेल तर दोन-तीन वर्षं सगळं ठीक दिसतं. मग खुंट आणि कलम यांच्या जोडावर सूज येते. साल उचलली की पिवळी कडी दिसते आणि एखाद्या वाऱ्यात झाड नेमकं तिथेच मोडतं. साल तडकवणारा दुसरा रोग झाड मारत नाही, पण खुजं ठेवतो. दोन्हींवर औषध नाही. रोगमुक्त मातृवृक्षाची काडी घेणं आणि दर बागेनंतर कात्री-चाकू ब्लीचच्या पाण्यात बुडवणं, एवढंच हातात आहे. चुनखडीच्या जमिनीत हाच खुंट लोह उचलू शकत नाही आणि पानं शिरा सोडून पिवळी पडतात. तिथे लागवडीआधीच दुसरा खुंट निवडावा लागतो.

किडींमध्ये सर्वांत धास्ती चिनी संत्रामाशीची. वर्षाला तिची एकच पिढी होते. कोष हिवाळाभर जमिनीत राहतो, माशी मे-जूनमध्ये निघते आणि कोवळ्या फळात अंडी घालते. शरदात ते फळ वेळेआधी पिवळं होऊन गळतं. ऑक्टोबर 2008 मध्ये सिच्वानच्या एका भागात अशा अळ्या सापडल्या आणि शेकडो किलोमीटर दूरच्या हुबेईतलीही संत्री कुणी विकत घेईना. तेव्हापासून उपाय गावपातळीवर ठरतात: उन्हाळ्यात गूळपाण्यासारखं विषारी आमिष झाडाच्या थोड्या पानांवर शिंपडणं आणि शरदात गळकं फळ रोज वेचून जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून कुजवणं. एका घराने वेचणी टाळली तर पुढच्या वर्षी अख्खा उतार भोगतो.

उतारावरून खाली

3 बाय 4 मीटरवर लागवड धरली तर एक मू जमिनीत सुमारे 55 झाडं बसतात. पाच मूंची बाग आणि मूला दोन टन फळ असा हिशेब धरला तर 10 टन माल होतो. पाठीवरच्या बांबूच्या करंडीत एका खेपेला 50 किलो. म्हणजे 200 खेपा, दगडी पायऱ्यांवरून, आणि वाहणारा बहुधा साठीचा, कारण तरुण यीछांग, वूहान किंवा ग्वांगतोंगच्या कारखान्यांत. झिगुईच्या संत्र्याची खरी अडचण इथे आहे. माती आणि हवामान यांच्याशी लोकांनी जुळवून घेतलं, पण गुडघ्यांचं काय करणार?

त्यावरचं उत्तर म्हणजे एकरुळी मालगाडी. चौकोनी पोलादी नळीचा एकच रूळ, खालून त्याला दातेरी पट्टी जोडलेली. खांबांवर रूळ जमिनीपासून गुडघाभर उंच. पुढे छोटं पेट्रोल इंजिन, मागे लोखंडी पाळणा. 40 अंशांच्या चढावरही ती माणसाच्या चालीने 200-300 किलो ओढते. वरच्या हिशेबातल्या 200 खेपा 40 वर येतात आणि परतताना तीच गाडी खत वर नेते.

बिघाड ठरलेले आहेत. दात्यांत पाला आणि माती अडकून झीज वाढते. सर्वांत वाईट म्हणजे उतार सरकत असेल तर खांब कलतात आणि रुळाचा सांधा उघडतो. म्हणून पावसाळ्यानंतर पहिली फेरी रिकामी न्यायची, सांध्यांवर कान ठेवायचा, उतरतीला ब्रेक तपासायचा. पाळण्यात माणसाने बसायचं नाही हा नियम आहे, आणि तो मोडला की अपघात होतात. अलीकडे काही गावांत माल ड्रोनने उचलतात. जिथे रूळ नेता येत नाही तिथे त्याचा उपयोग होतो, पण वारा आणि धुकं असलं की काम थांबतं.

तोडणीत ‘एका फळाला दोन काप’ ही पद्धत पाळतात. पहिला काप देठ लांब ठेवून, दुसरा टोपीला चिकटून सपाट. देठाचं टोक राहिलं तर करंडीत ते शेजारच्या फळाला टोचतं आणि त्या छिद्रातून हिरवी बुरशी शिरते. पावसात किंवा दव वाळण्याआधी तोडत नाहीत. तोडलेलं फळ हवेशीर खोलीत दोन-तीन दिवस ठेवतात, साल थोडी नरम होते आणि मग खोक्यात दाबाने फुटत नाही. 2015 च्या आसपासपासून पाच-दहा ‘जिन’ची (जिन म्हणजे अर्धा किलो) खोकी थेट गावातून ग्राहकाला कुरियरने जाऊ लागली. तेव्हापासून या दोन-तीन दिवसांचं मोल वाढलं. घाईत भरलेल्या खोक्यात एक सडकं फळ निघालं की पैसे परत करावे लागतात.

नदी ओलांडणं हाही खर्चच होता. दोन काठांमध्ये फेरीबोट, धुक्यात बंद. 2019 मध्ये श्यांगशी नदीच्या मुखाजवळ यांगत्सेवर 500 मीटरहून मोठ्या कमानीचा पूल खुला झाला आणि त्याच वर्षी झिगुईचं नाव गरीब तालुक्यांच्या राष्ट्रीय यादीतून वगळलं गेलं. दोन्ही एकाच वर्षी झालं म्हणून एकाने दुसरं घडवलं असं नाही, पण ताज्या फळाच्या धंद्यात फेरीच्या रांगेतले तास वाचणं लहान गोष्ट नाही.

माओपिंगला दुसरी कमाई धरणाच्या अडचणीतून मिळाली. धरणाला जहाजं पायरीपायरीने चढवण्या-उतरवण्यासाठी पाच टप्प्यांची जहाज-दारं आहेत. त्यांची वर्षाची वाहतूक 2030 साठी धरलेल्या 10 कोटी टनांवर 2011 मध्येच पोचली. जहाजं रांगेत दिवसेंदिवस थांबतात. म्हणून वरच्या अंगाच्या छोंगछिंगहून रो-रो बोटींनी (ज्यांत ट्रक थेट चढतात) आलेले ट्रक माओपिंगला उतरतात आणि डोंगरातल्या महामार्गाने धरणाला वळसा घालून खाली जातात.

दरड

हा उतार जलाशयाच्या आधीही सरकत होता. 12 जून 1985 च्या पहाटे शिनतान हे काठावरचं गाव सुमारे 3 कोटी घनमीटर मातीदगडासह नदीत गेलं. आधीची अनेक वर्षं भेगा मोजल्या जात होत्या, इशारा वेळेत दिला गेला आणि गावातली 1,371 माणसं बाहेर काढली गेली, सगळी वाचली. नदीतल्या होड्यांवरचे काही जण मात्र लाटेत गेले.

जुलै 2003 मध्ये तसं झालं नाही. जलाशय 135 मीटरला पोचून जेमतेम महिना झाला होता, पाऊस लागून राहिला होता. मध्यरात्रीनंतर छिंगगान या उपनदीच्या काठचा छ्येनच्यांगपिंगचा उतार घसरला, सुमारे 2 कोटी 40 लाख घनमीटर. 24 जण मेले वा बेपत्ता झाले.

जलाशयामुळे उतार दोन प्रकारे सरकतो. पाणी चढताना उताराचा पायथा भिजतो, तरंगायला लागतो, त्याचा आधार कमी होतो. पाणी उतरताना जलाशय भराभर खाली जातो, पण डोंगराच्या पोटातलं पाणी मागे राहतं आणि आतून बाहेर ढकलतं. झिगुईतले बाइशुइह आणि शूपिंग हे सरकते उतार याच कारणाने वर्षातल्या बाकी काळात जवळजवळ स्तब्ध असतात आणि मे ते जुलैमध्ये पायरीसारखी उडी घेतात. म्हणून जलाशय उतरवण्याचा वेगही बांधलेला असतो. दर धोक्याच्या उताराला गावातलाच एक निरीक्षक नेमलेला असतो. भेगेच्या दोन बाजूंना रंगाच्या खुणा, टेपने मोजणी, पावसात रोज. इशाऱ्यासाठी थाळा. आता उपग्रहाधारित यंत्रंही आहेत, पण दगडी तालीतला नवा फुगवटा किंवा अचानक गढुळलेला झरा आधी बागवाल्यालाच दिसतो.

पाचव्या महिन्याची पंचमी

छू युआन हा इ. स. पू. चौथ्या-तिसऱ्या शतकातला कवी झिगुईचा मानला जातो, लपिंगली गावचा. तालुक्याचं नावही एका जुन्या समजुतीनुसार ‘बहीण परतली’ यावरून आलं. भाऊ पदच्युत झाला तेव्हा त्याची थोरली बहीण त्याला समजवायला परत आली, ती ही जागा. त्याच्या नावावरच्या एका कवितेत संत्र्याच्या झाडाची थोरवी आहे: दक्षिणेच्या मातीत जन्मलेलं, तिथून न हलणारं. त्याचं देऊळ मात्र दोनदा हललं, 1976 मध्ये गचौबा धरणासाठी आणि नंतर थ्री गॉर्जेससाठी. आता ते माओपिंगच्या फीनिक्स टेकडीवर आहे, पाण्यातून वाचवून आणलेल्या इतर जुन्या घरा-देवळांच्या शेजारी. लपिंगलीतल्या शेतकऱ्यांचं काव्यमंडळ अजून जमतं आणि आपल्या रचना म्हणतं.

छू युआनच्या स्मरणाचा दुआनवू सण (2009 पासून युनेस्कोच्या यादीत, त्यात झिगुईची परंपरा नावानिशी) इथे तीनदा होतो: पाचव्या चांद्र महिन्याच्या पाचव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या दिवशी. दाराला दवण्याच्या कुळातली आय नावाची वनस्पती टांगतात. पानात गुंडाळून उकडलेल्या चिकट भाताच्या पुडीत एक लाल चिनी बोर ठेवतात.

इंग्रजी तारखेने हा काळ मेअखेर ते जूनचा, आणि तालुक्याची सगळी कामं याच आठवड्यांत एकमेकांवर येतात. लुनवानच्या शेवटच्या करंड्या उतरायच्या असतात, रिकाम्या झाडांना खत द्यायचं असतं, संत्रामाशी निघालेली असते, जलाशय 145 मीटरकडे उतरत असतो, पहिला मोठा पाऊस येतो आणि भेगांची मोजणी रोजची होते. ड्रॅगनच्या होड्या पाण्यात उतरतात तेव्हा काठावर हिवाळ्यापेक्षा तीस मीटर अधिक उतार उघडा असतो. धक्क्यावर जायला पायऱ्या उतरत राहाव्या लागतात आणि दोन्ही बाजूंना नुकती हिरवी झालेली हरळी असते.